वेदना ० ते १० मध्ये किती? मी खरं लिहितेय का?

पाठराखीण

नमस्कार. वर्षभर इथे नुसतं वाचतेय. लिहायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मज्जारज्जूच्या आतली गाठ काढली. एपेंडायमोमा, पाठीच्या मधल्या भागात. गाठ पूर्ण निघाली, अजून परत आलेली नाही. काठी घेऊन चालते, नोकरीही करते. दर सहा महिन्यांनी तपासणीला गेलं की एमआरआयच्या आधी पाच-सहा पानांचा फॉर्म हातात येतो. दुखणं ० ते १० मध्ये किती, किती वेळ बसवतं, उदास वाटतं का, वगैरे.

गेल्या खेपेला दुखण्यापुढे ७ लिहिलं होतं. या खेपेला ४ लिहिलं. डॉक्टर खूश, "छान सुधारणा आहे" म्हणाले. घरी आल्यावर मात्र वाटायला लागलं की दुखणं काही कमी झालेलं नाही, मग मी ४ का लिहिलं? आत्ता खोटं लिहिलं, की तेव्हाचं ७ खोटं होतं?

मणक्याच्या किंवा मज्जारज्जूच्या गाठीतून गेलेले, जाणारे, किंवा अशांची शुश्रूषा करणारे कुणी इथे आहेत का? तुम्ही हे फॉर्म कसे भरता? आणि भरलेल्या फॉर्मचं पुढे कुणी काही करतं का?

उंटावरचा_शहाणा

मी सगळीकडे ५ लिहितो. ३ लिहिलं तर "मग आलात कशाला", ८ लिहिलं तर आणखी चार तपासण्या. (माझी गाठ नाही, नुसती गादी सरकलीय. हलकेच घ्या.)

खडूस

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ते फॉर्म कुणाच्या तरी प्रबंधासाठी असतात. माझ्या भावाच्या वेळी आम्ही इमानेइतबारे अकरा वेळा भरले. त्यावरून एकदाही कुणी एक प्रश्न विचारला नाही. एमआरआय बघायचा, पाय उचलायला लावायचे, पुढची तारीख द्यायची.

चालतेबोलते

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे दोन्ही बाजू रोज दिसतात. खडूस यांची चीड समजते. पण हे फॉर्म आले कुठून तेही सांगते.

पूर्वी रुग्ण कसा आहे ते डॉक्टरच ठरवायचे. कार्नोफ्स्की यांची ० ते १०० ची मोजपट्टी १९४० च्या दशकातली, आणि ती डॉक्टर भरतो. मज्जारज्जूच्या इजेसाठीची फ्रँकेल श्रेणी १९६९ ची, तीही तपासणाऱ्याने द्यायची. मणक्याच्या कर्करोगातला सगळ्यांत गाजलेला अभ्यास २००५ चा, पॅचेल आणि सहकाऱ्यांचा. कर्करोग मणक्यात पसरून मज्जारज्जू दाबला गेलाय असे १०१ रुग्ण. अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि मग रेडिएशन, उरलेल्यांना नुसतं रेडिएशन. शस्त्रक्रियावाल्यांपैकी ८४ टक्के नंतर चालू शकले, दुसऱ्या गटातले ५७ टक्के. या अभ्यासाने उपचारांची दिशाच बदलली, त्याबद्दल वाद नाही. पण 'चालू शकतो' म्हणजे काय? प्रत्येक पायाने सलग दोन, म्हणजे एकूण चार पावलं. काठी, वॉकर चालेल.

चार पावलं म्हणजे पलंगापासून खुर्ची. संडासापर्यंत पोचायला बहुतेक घरांत जास्त लागतात. पाचव्या पावलाबद्दल विचारायचं तर रुग्णालाच विचारावं लागतं, म्हणून हे फॉर्म.

बैठकमोड्या

चालतेबोलते, +१. आता आमची कथा.

मला त्रिकास्थीत, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडात, कॉर्डोमा होता. हा मुळात हाडातूनच उगवतो, हळू वाढतो, आणि काढायचा तर आजूबाजूच्या हाडासकट अखंड काढावा लागतो. त्यात खालच्या नसा गेल्या. पाय ठणठणीत. दोन मजले चढतो. पण लघवी नळी घालून काढावी लागते, दिवसातून पाच वेळा, माझी मीच. शौचाचं वेळापत्रक सांगत बसत नाही.

तर मला फॉर्म मिळायचा तो ओस्वेस्ट्रीचा. १९८० चा आहे, कंबरदुखीवाल्यांसाठी बनवलेला. दहा विभाग: दुखणं, स्वतःचं आवरणं, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, कामजीवन, लोकांत मिसळणं, प्रवास. त्यात लघवी-शौचाचा प्रश्नच नाही! फक्त बसण्यात माझे गुण जायचे (नाव बघा माझं). बाकी सगळ्यात मी इतका उत्तम, की रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, "काका, तुम्ही तर नॉर्मल आहात."

आनंदच झाला. पिशवीत नळ्या घेऊन फिरणारा नॉर्मल माणूस.

शब्दवेल्हाळ

@बैठकमोड्या, हसू की रडू कळेना.

आकडेमोड

माझं काम अशाच अभ्यासांच्या आकडेवारीचं. बैठकमोड्या यांनी नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. ओस्वेस्ट्री वाईट नाही, ती दुसऱ्या आजाराची फुटपट्टी आहे. ईक्यू-५डी ही कुठल्याही आजारात वापरायची प्रश्नावली, तिच्यात तर पाचच गोष्टी येतात: चालणं-फिरणं, स्वतःची काळजी, रोजचे व्यवहार, दुखणं, आणि चिंता-उदासी. पाच पायऱ्यांच्या आवृत्तीत यातून ३१२५ वेगवेगळ्या अवस्था तयार होतात, पण तुमची नळी त्यातल्या एकीतही थेट दिसत नाही.

म्हणूनच मणक्याच्या गाठींसाठी वेगळ्या प्रश्नावल्या बनल्या. २०१० मध्ये दोन आल्या. एक एमडी अँडरसन या अमेरिकेतल्या कर्करोग रुग्णालयाची. तिच्यात कर्करोगाच्या १३ सर्वसाधारण लक्षणांसोबत मणक्याची पाच खास लक्षणं आहेत: मणक्यातून पसरत जाणारं दुखणं, हातापायांतला अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, शौचाची सवय बदलणं आणि लैंगिक अडचण. सगळं गेल्या २४ तासांपुरतं, ० ते १० मध्ये. दुसरी स्पाइन ऑन्कोलॉजी स्टडी ग्रुप या तज्ज्ञांच्या गटाची, मणक्यात पसरलेल्या कर्करोगासाठी. २०१८ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. २० मुख्य प्रश्न, आणि उपचारांनंतर विचारायचे काही वेगळे. हातापायांची ताकद आणि लघवी-शौच तिच्यात आहे.

आता धागाकर्तीचा प्रश्न. पाठराखीण, तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. तुमची फुटपट्टी बदललीय. याला रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात. मिर्यम स्प्रँगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी १९९९ मध्ये त्याची नीट मांडणी केली. तीन प्रकारे घडतं. १० म्हणजे काय याची कल्पनाच बदलते (शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र भोगल्यावर जुना ७ हा ४ वाटू शकतो). किंवा कशाला महत्त्व द्यायचं ते बदलतं. किंवा 'बरं असणं' याचा अर्थच बदलतो.

एक प्रयोग करून बघा: सहा महिन्यांपूर्वीचं दुखणं आजच्या फुटपट्टीने किती होतं? अभ्यासातही असं विचारतात. अर्थात आठवणही दगा देते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे.

खडूस

म्हणजे फुटपट्टीच रबराची. आणि हे लोक त्यावरून औषधं सरस-कमसरस ठरवतात. माझाच मुद्दा झाला.

आकडेमोड

@खडूस, पूर्ण नाही, पण थोडा झाला. मणक्यात पसरलेल्या कर्करोगाच्या रेडिएशनचीच गोष्ट घ्या. २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, २२९ रुग्णांचा. नेमक्या माऱ्याचं जोरदार रेडिएशन, दोन बैठकांत २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), विरुद्ध नेहमीचं, पाच बैठकांत २० ग्रे. तीन महिन्यांनी दुखणं पूर्ण गेलेले ३५ टक्के विरुद्ध १४ टक्के. दुसऱ्या एका अभ्यासात एकाच बैठकीत १६ किंवा १८ ग्रेचा नेमका मारा होता, समोर नेहमीचे ८ ग्रे. तिथे नेमका मारा सरस ठरलाच नाही.

आता दोघांनी यश कशाला म्हटलं ते बघा. पहिल्यात दुखणं शून्यावर आलं पाहिजे आणि वेदनाशामकांची मात्रा वाढलेली नको. दुसऱ्यात तीन अंकांनी उतरलं तरी यश. मात्राही वेगळ्या होत्या, त्यामुळे सगळं खापर मोजणीवर फोडता येणार नाही. पण ८ वरून ४ वर आलेला माणूस एका अभ्यासात पास, दुसऱ्यात नापास.

उंटावरचा_शहाणा

आणि कायम ५ लिहिणारा दोन्हीकडे नापास. धोरण बदलावं म्हणतो.

सावली

खूप वेळ लिहू की नको करत होते.

ह्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग होता, तो मणक्यात पसरला. आम्ही एका अभ्यासात होतो. सुरुवातीला फॉर्म हेच भरायचे. मग मान आणि हात इतके दुखायला लागले की पेन धरवेना, तेव्हा मी वाचायचे, हे सांगायचे, मी खुणा करायचे. त्यावरून आमची भांडणं व्हायची. मी म्हणायची, "रात्रभर कण्हत होतात आणि ५ काय सांगताय, मी ८ लिहिणार." हे म्हणायचे, "दुखतंय मला की तुला?"

शेवटी ह्यांचाच आकडा लिहायचे. पण उदासीच्या प्रश्नांवर हे "काही नाही, काही नाही, काही नाही" सांगत जायचे, ते लिहिताना माझा हात अडायचा.

शेवटचे दोन महिने फॉर्म भरलेच नाहीत. फोन आला होता अभ्यासवाल्यांचा, चांगलं बोलल्या बाई, "जमेल तेव्हा भरा" म्हणाल्या. नाही जमलं. आकडेमोड, एक विचारायचं होतं. त्या रिकाम्या फॉर्मचं काय करतात?

आकडेमोड

सावलीताई, खरं सांगतो. पुष्कळदा 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून पुढे जातात, आणि तीच या क्षेत्रातली सगळ्यांत मोठी चूक आहे. जे फॉर्म भरत नाहीत ते बहुतेक जास्त आजारी असतात म्हणून भरत नाहीत. मग उरलेल्यांची सरासरी काढली की महिन्यागणिक चित्र सुधारत गेलेलं दिसतं. प्रत्यक्षात कुणीच सुधारलेलं नसतं, वाईट असलेले नुसते आकड्यांतून निघून गेलेले असतात. चांगल्या अभ्यासात किती फॉर्म आले नाहीत आणि का आले नाहीत हे नोंदवतात, आणि रिकाम्या जागा सोयीने न भरता निरनिराळी गृहीतकं धरून निष्कर्ष टिकतो का ते तपासतात. तुम्हाला आलेला तो फोन बहुधा त्या 'का'साठीच असावा.

आणि तुमचं ८ विरुद्ध ५ हे घरोघरी घडतं. जवळची माणसं सहसा रुग्णापेक्षा जास्त त्रास नोंदवतात. चालणं, आंघोळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर दोघांचं बऱ्यापैकी जुळतं. मनाच्या गोष्टींवर जुळत नाही.

सावली

'का' विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. नीट विचारलं नाही त्यांनी. असो. धन्यवाद.

चालतेबोलते

सावलीताई, लिहिलंत ते बरं केलंत.

शब्दवेल्हाळ

जरा विषय बदलते, तरी फार अवांतर नाही. मी अशा प्रश्नावल्यांचं मराठी करते. रीत अशी: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, दोन्ही जुळवायचे, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, शेवटी खऱ्या रुग्णांसमोर ठेवून "यातून तुम्हाला काय कळलं?" असं विचारायचं. खरी गंमत या शेवटच्या पायरीवर.

एसएफ-३६ या तब्येतीच्या इंग्रजी प्रश्नावलीमध्ये 'ब्लॉक' आणि 'मैल' चालण्याबद्दल विचारतात. इमारतींचा ब्लॉक हे अंतराचं माप आपल्या डोक्यात नाहीच. तिथेच मन खचण्यासोबत 'ब्लू' वाटण्याबद्दलही विचारलंय. निळं वाटणं! आपण निळे पडतो ते साप चावल्यावर.

पण सगळ्यांत अवघड शब्द 'पेन'. दुखणं, वेदना, त्रास, कळ, यातलं काय घ्यायचं? आपल्याकडे दात ठणकतो, गळू ठुसठुसतं, काटा सलतो, कंबरेत चमक भरते, पोटात कळ येते, पायाला रग लागते, मान अवघडते, जखम चुरचुरते. या सगळ्यांना एक 'पेन' आणि एक आकडा. एका आजोबांना विचारलं, "दुखतं का?" ते म्हणाले, "छे, दुखत नाही. ठणकतंय."

त्यांनी ० वर खूण केली होती.

बैठकमोड्या

'ठणकतंय, दुखत नाही' हे अगदी आमच्या घरातलं वाक्य. मला बसलं की रग लागते. दुखत नाही.

चालतेबोलते

शब्दवेल्हाळ, तुमचा हा प्रतिसाद आमच्या विभागात भिंतीवर लावायला हवा. मणक्याच्या गाठीत तर यावर उपचार ठरतात. रात्री आडवं झाल्यावर वाढणारं, स्टेरॉइडने उतरणारं दुखणं बहुतेक गाठीचं असतं. उठता-बसता, कूस बदलताना जीव घेणारं आणि स्थिर पडल्यावर थांबणारं, हे मणका डळमळीत झाल्याचं लक्षण असू शकतं. तिथे रेडिएशनने गाठ आकसली तरी दुखणं राहतं, मणक्याला आधार द्यावा लागतो. बरगडीवरून किंवा पायातून विजेसारखी सणक जाते ती दाबलेल्या नसेची. आणि आग, मुंग्या, नुसता कपडा लागला तरी नकोसं होणं, हे बऱ्याचदा मज्जारज्जूच्या इजेतून येतं. चारही रुग्ण फॉर्मवर ७ लिहितात, आणि चौघांचे उपचार वेगळे.

पाठराखीण, विचारू का? तुमचं ४ नेमकं कशाचं आहे?

खडूस

हे बरं आहे. म्हणजे आकड्याऐवजी बोलायचं. मी सुरुवातीपासून तेच म्हणतोय.

आकडेमोड

@खडूस, बोलायला वेळ आणि ऐकणारा असेल तर जरूर. नसेल तेव्हा आकड्याचाही उपयोग होतो. तुमच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. पसरलेल्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. (गाठी निरनिराळ्या, फक्त मणक्याच्या नव्हेत.) एका गटाने आपली लक्षणं स्वतः संगणकावर नोंदवायची, आणि काही बळावलं की नर्सला लगेच ईमेल जायचा. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी देखभाल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे पहिल्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले ते) ३१.२ महिने, दुसऱ्याचं २६.० महिने. फॉर्म तुमच्यासारखेच, फरक एवढाच की ते कुणीतरी वाचत होतं.

खडूस

पाच महिने?

आकडेमोड

पाच महिने. एकाच केंद्रातला अभ्यास, त्यामुळे सगळीकडे तेवढाच फरक पडेल असं म्हणणार नाही.

खडूस

आमच्या अकरा फॉर्मांचं काय झालं ते विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

बैठकमोड्या

कामजीवनाच्या प्रश्नाबद्दल कुणीच बोलत नाहीये. सगळे सभ्य. आमच्या वॉर्डात तो प्रश्न सगळेच रिकामा सोडायचे. फॉर्म भरताना शेजारी मुलगा नाहीतर सून, कोण लिहिणार? त्यातून निष्कर्ष निघाला असणार की कुणालाच अडचण नाही.

शब्दवेल्हाळ

निष्कर्ष निघतो की 'प्रश्न लागू नाही'. फॉर्म एकट्याला, दार लावून भरू दिला तर निम्मा प्रश्न सुटेल. भाषांतराने नाही सुटणार.

उंटावरचा_शहाणा

एक गंभीर प्रश्न (हो, मीसुद्धा). ७ चा ६ झाला तर ती सुधारणा धरायची का? माझं तर सकाळ-संध्याकाळीत दोनने हलतं.

आकडेमोड

चांगला प्रश्न. रुग्णाला स्वतःला जाणवेल असा कमीतकमी फरक किती, ही कल्पना १९८९ पासून वापरात आहे. पण तो आकडा आजारागणिक, प्रश्नावलीगणिक, आणि कुठून सुरुवात केली त्यावरही बदलतो. शिवाय तुमचं सकाळ-संध्याकाळ दोनने हलत असेल तर एकने उतरणं हे नुसतं घड्याळ असू शकतं. निदान फॉर्म दर खेपेला दिवसाच्या एकाच वेळेला भरावा.

पाठराखीण

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. सावलीताई, तुमचं दोनदा वाचलं.

आकडेमोड यांचा प्रयोग केला. सहा महिन्यांपूर्वीचं दुखणं आजच्या फुटपट्टीने: ५. म्हणजे ७ वरून ४ मध्ये खरी उतरण एकचीच, बाकीचे दोन माझे मीच सरकवले. का, तेही कळलं. गेल्या खेपेला फॉर्म भरला तेव्हा नुकतीच जिन्यात पडले होते आणि आता सगळं संपलं असं वाटत होतं. आता तेच दुखणं घेऊन नोकरी करते.

पण खरं उत्तर चालतेबोलते यांच्या प्रश्नात निघालं. माझं ४ हे पाठीचं, टाक्यांच्या जागेचं. त्याशिवाय छातीभोवती, ब्लाउजच्या काठाखाली, सतत आग होते. कुणीतरी ओला, तापलेला पट्टा आवळल्यासारखी. कपडा लागला की जास्त. दोन वर्षांत ती मी एकाही फॉर्मवर लिहिलेली नाही. कारण फॉर्ममध्ये विचारतात "दुखतं का?" आणि ते दुखत नाही. आग होते. मला वाटायचं शस्त्रक्रिया झाली की हे असंच असतं.

चालतेबोलते

असंच असतं हे अर्धं खरं. मज्जारज्जू मागून मध्यावर उघडून गाठ काढावी लागते, त्यात संवेदनेच्या नसा दुखावतात, म्हणून तुमच्यासारख्या शस्त्रक्रियेनंतर हे बऱ्याच जणांना होतं. पण त्याची औषधं वेगळी असतात. नेहमीच्या वेदनाशामकांनी ते फारसं हटत नाही. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, प्लीज.

शब्दवेल्हाळ

आणि याच शब्दांत सांगा. 'पट्टा', 'आग', 'कपडा लागला की जास्त'. त्याचं 'वेदना' करू नका.

पाठराखीण

तीन आठवड्यांनी लिहितेय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

लवकरची वेळ घेऊन गेले. बाहेर परत तोच फॉर्म मिळाला. दुखण्यापुढे प्रामाणिकपणे ४ लिहिलं, आणि शेजारी समासात बारीक अक्षरात पट्ट्याबद्दल चार ओळी. सिस्टर सगळ्यांचे आकडे संगणकात भरत होत्या. माझ्या पानाशी थांबल्या. म्हणाल्या, "हे कुठे भरू? याला रकानाच नाही." मग थोडा विचार करून त्यांनी कागदच माझ्या हातात दिला, "तुम्हीच आत दाखवा."

डॉक्टरांनी तो वाचला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना फॉर्म वाचताना पाहिलं. मग छातीभोवती कापूस आणि टाचणी फिरवून बघितली आणि एक रात्रीची गोळी सुरू केली. झोप जास्त येते. आग आहे, पण काल ऑफिसात दुपारपर्यंत तिची आठवण झाली नव्हती.

खडूस

समासात लिहायचं होतं तर.

उंटावरचा_शहाणा

मीही आज समासात लिहून आलो. डॉक्टर म्हणाले, अक्षर लागत नाही.